पाण्याकाठचा मुक्काम

तो पहिल्यांदा माझ्याकडे आला तो वाऱ्याची चौकशी करायला. मी परभणीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो. प्रयोगशाळेच्या गच्चीवर आम्ही वाऱ्याचा वेग मोजायचं चार वाट्यांचं यंत्र बसवलं होतं, आणि शिपाई दिवसातून दोनदा वर जाऊन आकडा वहीत उतरवायचा. त्या वहीकडे कुणी ढुंकून पाहत नसे. एका दुपारी हा माणूस दारात उभा राहिला. पस्तिशीचा, बारीक कापलेले केस, बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या.

"सर, इकडं वारा कोणत्या महिन्यात जास्त असतो? अंदाज नको, आकडे पाहिजेत."

"पवनचक्की बसवायचीय का?" मी विचारलं.

"नाही. शीड लावायचंय."

मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटर लांब. पण त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. तो खुर्चीवर बसला आणि सांगू लागला. पंधरा वर्षं नौदलात काढून तो परत आला होता. आता सरकारी प्रशिक्षण शाळेत पोरांना वेल्डिंग शिकवत होता. मुंबईला असताना तो शिडाच्या फळीवर उभं राहायला शिकला होता. तिथं मोडकी म्हणून टाकून दिलेली एक फळी त्यानं मागून घेतली, स्वतः सांधली आणि गोणपाटात गुंडाळून रेल्वेनं परभणीला आणली. आता ती त्याच्या भाड्याच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी होती आणि गल्लीतल्या बाया तिच्यावर वाकळा वाळत घालत होत्या.

मी त्याच संध्याकाळी ती बघायला गेलो. बारा फूट लांबीची, आतून पोकळ, टोकाला थोडी वर उचललेली फळी. मधोमध एक डोलकाठी, ती कुठल्याही बाजूला कलायची. तिला शीड. माणसानं फळीवर उभं राहायचं, शिडाचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि अंगाचा भार मागं टाकून वारा तोलायचा. सुकाणू नाही, वल्हं नाही. भौतिकशास्त्राच्या मास्तरला वेड लावायला एवढं पुरेसं होतं.

गावात त्याला सगळे 'नेव्हीवाले' म्हणायचे. मीही तेच म्हणू लागलो. तो मला शेवटपर्यंत 'सर'च म्हणत राहिला.

वहीतले आकडे आम्ही दोघांनी बसून काढले. ज्येष्ठाच्या मध्यापासून आषाढ संपेपर्यंत नैर्ऋत्येचा वारा सरळ आणि भरपूर. बाकी वर्षभर नुसत्या झुळका. पाणी कुठं, हा प्रश्नच नव्हता. जिंतूरच्या पुढं येलदरीचं धरण, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये मैलोगणती पसरलेलं पाणी. प्रश्न दोनच उरले. ही फळी तिथवर न्यायची कशात, आणि तिथं गेल्यावर राहायचं कुठं?

पहिली खेप आम्ही एसटीनं केली. फळी टपावर चढवताना कंडक्टर खालून ओरडला, "काय वं हे? कुनाला न्यायलाव?" त्याला ती तिरडी वाटली होती. खुलासा केल्यावरही त्याचा विश्वास बसला नाही, पण त्यानं वर चढू दिलं. वाटेत कुणीतरी तिच्यावर सायकल ठेवली, कुणी सरकीची पोती. जिंतूरला उतरवली तेव्हा टोकाला हातभर चीर गेली होती. नेव्हीवाल्यांनी चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "परत न्यायची. अशी पाण्यात घातली तर पाणी पिईल." आम्ही पाण्याचं तोंडही न बघता परतलो.

दुसऱ्यांदा मी एका नातेवाइकाचा ट्रॅक्टर मिळवला. ट्रॉलीत कडबा अंथरून वर फळी ठेवली. साठ-पासष्ट किलोमीटरच्या रस्त्याला अख्खा दिवस गेला आणि पोचलो तेव्हा वारा पडून गेला होता. मी म्हणालो, आता एखादा टेम्पो भाड्यानं घेऊ. वरून मोकळा, फळी सहज मावेल.

नेव्हीवाले नको म्हणाले. "गाडी अशी पाहिजे, जिच्यात दोन माणसं आडवी होतील आणि दार आतून बंद होईल."

"अहो, राहायची सोय मी करतो ना. माझ्या मामांचं गाव पाण्याला लागूनच आहे."

"असू द्या," ते म्हणाले. "तरी गाडी तशीच पाहिजे."

मला तो लष्करी स्वभावाचा हट्ट वाटला. त्या वेळी मी त्यावर जास्त विचार केला नाही.

अशी गाडी शेवटी एका लिलावात सापडली. जुनी रुग्णवाहिका होती. तिचं इंजिन खोकायचं, पण डबा शाबूत होता. आत दोन्ही बाजूंना लांब बाकडी, मागं दोन झडपांचं दार. नेव्हीवाल्यांनी सुट्टीच्या दिवसांत शाळेच्या अंगणात तिच्यावर काम केलं. टपावर लोखंडी घोडी वेल्ड केली, तिला जुन्या टायरच्या पट्ट्या गुंडाळल्या म्हणजे फळी घासू नये. डोलकाठी मधोमध कापून आतून नळी बसवली आणि दोन तुकड्यांची केली. बाजूची खूण खरवडून राखाडी रंग मारला. मी पाने-हातोड्या देत बसायचो. एकदा मी विचारलं, आतल्या बाकड्यांवर गाद्या कशाला? ते हसले नुसते.

त्या कामाच्या दिवसांत मी त्यांच्या खोलीवर बऱ्याचदा जेवलो. त्यांचे आई-वडील सोबत राहायचे. लग्न त्यांनी केलं नव्हतं. वडील कमी बोलायचे. एका रविवारी जेवताना ते आपणहून म्हणाले, "दोन खोल्या होत्या आमच्या गावाला. वर पत्रे. ह्यानंच पैसे धाडले होते जहाजावरून." मग थांबले. पुढचं आईनं सांगितलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात जे पेटलं, त्यात त्या दोन खोल्या गेल्या. ही दोघं ज्वारीच्या रानात लपली म्हणून वाचली. मुलाला पत्र मिळालं ते महिन्यानं, कुठल्याशा बंदरात.

"परभणीत खोली मिळायला लय दिवस गेले," आई म्हणाली. "घर दाखवायचे, समदं ठरायचं. आडनाव सांगितलं की म्हणायचे, आमचा भाचा येनार हाय राहायला." ती सांगत असताना नेव्हीवाले उठून हात धुवायला गेले.

हे सगळं ऐकूनसुद्धा मी त्यांना माझ्या मामांकडे नेलं. आज लिहिताना मला याचंच सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. मला खरोखर वाटत होतं की माझी माणसं वेगळी आहेत. मामा पंचायतीत होते, वर्तमानपत्र वाचायचे, भाषणात समतेचे दाखले द्यायचे. गावाबाहेर, पाण्यापासून चार शेतं अलीकडे त्यांचा आखाडा, म्हणजे शेतावरची वस्ती होती. निंबाची दोन मोठी झाडं, विहीर, बैलांचा गोठा, पुढं सारवलेली जागा. मुक्कामाला याहून चांगली जागा अख्ख्या धरणाकाठी नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळायला तास-दीड तास होता. गाडी निंबाखाली लावली. मामांनी नेव्हीवाल्यांना हात जोडून रामराम केला, फळीभोवती फिरून चौकशी केली, नौदलाबद्दल विचारलं. सगळं अदबीनं. मामीनं चहा पाठवला. मग मामा मला विहिरीकडे घेऊन गेले.

"पाव्हने कोनते?" त्यांनी हळूच विचारलं.

मी सांगितलं.

मामा थोडा वेळ मोटेच्या चाकाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. एखादी अडचण सोडवायची असावी तसे ते विचार करत होते. मग म्हणाले, "असं कर. तू गावात घरी चल जेवायला. तुजी मामी वाट पाहायलीय. पाव्हन्यांचं ताट इथंच धाडून देतो. आनि झोपायला त्यांची गाडी हायच की. इथं हवा लय गार असते. त्यांनाबी बरं वाटंल. काय?"

मी "हो" म्हणालो.

एवढंच. त्यात धमकी नव्हती, वाद नव्हता. मामांनी सगळ्यांच्या सोयीचा मार्ग काढला होता आणि मी मान हलवली. नेव्हीवाल्यांना जाऊन सांगितलं, "मामी फार आग्रह करतायत, मी घरी जाऊन येतो. तुम्हाला इथं आराम वाटेल." ते म्हणाले, "जा की, सर. आरामात या." ते गाडीच्या मागच्या पायरीवर बसून शिडाची दोरी उलगडत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मी मामांच्या माळवदावर गार वाऱ्यात झोपलो. सकाळी आखाड्यावर आलो तर गाडी बंद, फळी जाग्यावर नाही. पाण्याकडे धावत गेलो. दूर, सूर्याच्या तिरिपेत, पिवळं शीड तिरकं होऊन पळत होतं. फळीवर तो माणूस मागं रेलून उभा, जवळजवळ पाण्याला पाठ लावून. मी आयुष्यात एवढी देखणी गोष्ट पाहिली नव्हती. ते काठाला आले तेव्हा मी विचारलं, "झोप लागली का नीट?"

"लागली," ते म्हणाले.

पाठवलेलं ताट निंबाच्या बुंध्याशी घासून पालथं ठेवलेलं होतं.

त्यानंतर मामांच्या आखाड्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. पुढच्या खेपेला नेव्हीवाल्यांनी सरळ गाडी पुढं काढली, कच्च्या रस्त्यानं, पाणलोटाच्या वरच्या अंगाला. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं आणि गाळाची काळी जमीन उघडी पडते. तिथं एक म्हातारा आणि त्याची बायको शेळ्या-मेंढ्या घेऊन उतरले होते. काट्यांचं कुंपण, आत जनावरं, बाहेर एक पाल. आम्ही विचारलं, इथं चार दिवस गाडी लावली तर चालेल का?

म्हातारा म्हणाला, "जागा काय माज्या बापाची हाय का? लावा की."

म्हातारीनं मात्र विचारलं, "कोन तुमी?"

मी काही बोलायच्या आत नेव्हीवाल्यांनी स्वतःच सांगितलं. मग माझ्याकडे बोट करून माझीही जात सांगितली, त्याच आवाजात. म्हातारी चुलीत काटकी सारत म्हणाली, "आमी धनगर. लाकडं आना चार, भाकरी टाकते." तिनं केलेल्या भाकरी म्हाताऱ्यानं आणि आम्ही दोघांनी एकाच टोपल्यातून खाल्ल्या. सगळेच तिच्यासारखे होते असं मी म्हणत नाही. ती तशी होती एवढं खरं.

तेच आमचं ठिकाण झालं. म्हातारा वाऱ्याचा जाणकार होता. आमच्या वहीत नसलेल्या गोष्टी त्याला ठाऊक होत्या. मेंढ्या कुठल्या बाजूला तोंड करून बसतात यावरून तो सांगायचा, "दुपारच्याला फिरंल बगा. आत्ता नुस्ता खेळायलाय." नेव्हीवाले त्याचं ऐकायचे, माझे आकडे बाजूला ठेवायचे. पहिले दोन पावसाळे आम्ही तिथंच जात राहिलो. मी पडत, पाणी पीत, तळहात सोलून घेत फळीवर उभं राहायला शिकलो. वाऱ्याबरोबर जायला मला यायला लागलं. वाऱ्याच्या तोंडावर परत फिरायला येत नव्हतं. नेव्हीवाले बजावायचे, "सर, जाणं सोपं असतं. परतायला येत नाही तोवर लांब जायचं नाही."

दुसऱ्या पावसाळ्यात, आषाढाच्या सुरुवातीला, एका दुपारी मी ऐकलं नाही. वारा भरला, फळी पळायला लागली आणि मला इतका आनंद झाला की मी मागं बघायचंच विसरलो. बघितलं तेव्हा काठ रेघेएवढा उरला होता. वळायचा प्रयत्न केला, शीड पाण्यात पडलं. उचललं, पुन्हा पडलं. आठ-दहा वेळा असं झाल्यावर हातात जीव राहिला नाही. शेवटी फळीवर पालथा पडलो आणि वारा नेईल तिकडं गेलो. पलीकडच्या, उत्तरेच्या काठाला लागलो तेव्हा दोन तास तरी झाले असतील.

तो भाग मला अनोळखी होता. फळी दगडांत अडकवली आणि वर चढलो. अंगावर फक्त अर्धी चड्डी, तीही चिखलानं भरलेली. पायात काही नाही. चष्मा पाण्यात गेलेला. थंडीनं दात वाजत होते. पहिलं घर दिसलं तिथं जाऊन उभा राहिलो. कौलारू घर, ओसरीवर एक साठीचे गृहस्थ अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेले.

"पाणी मिळेल का?" मी म्हणालो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आत हाक मारली नाही. विचारलं, "कोन गावचे?"

"परभणीचा. पलीकडून आलो, पाण्यातून."

"ते दिसायलंय. कोनाचे तुमी?"

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की माझ्याजवळ दाखवायला काही नाही. ना कपडे, ना चष्मा, ना हातातलं घड्याळ. चिखलानं माखलेला एक उघडा माणूस दारात उभा होता आणि त्याला पाणी द्यायचं की नाही हे अजून ठरायचं होतं. धरणाचं नवं, गढूळ पाणी मी तोंडातून थुंकून टाकलं होतं आणि आता तहानेनं जीभ टाळ्याला चिकटली होती. मी घाईघाईनं, जवळजवळ लाचार होऊन मामांच्या गावाचं नाव सांगितलं आणि मामांचं आडनाव सांगितलं.

त्यांनी सुपारी खाली ठेवली. "अरे, मंग असं सांगा ना! आपलेच निघालात की. अहो, पानी आना. दूध तापवा."

मग पितळी तांब्या आला, धुतलेलं धोतर आलं, खांद्यावर घोंगडी आली. मी ओसरीवर बसून गरम दूध प्यालो. ते मामांची खुशाली विचारत होते, मी उत्तरं देत होतो. एका आडनावावर मी आत आलो होतो. ते आडनाव वेगळं असतं तर मी अजून अंगणात असतो, किंवा पुढच्या घरी.

नेव्हीवाले आले तेव्हा उन्हं कलली होती. म्हाताऱ्यानं उंचावर चढून फळी कुठं लागली ते पाहून ठेवलं होतं. तेवढ्या खुणेवर ते गाडी काढून निघाले, धरणाखालच्या पुलावरून वळसा घालून, गाडरस्त्यांनी, विचारत विचारत. गाडी अंगणाबाहेर थांबली. ते उतरले, मला पाहिलं आणि क्षणभर दाराला धरून उभे राहिले.  "जिवंत आहात," एवढंच म्हणाले.

घरमालक उठले. "या, या. हे तुमच्या संगतीचे का? बसा की वर."

नेव्हीवाले अंगणातच थांबले. "पाणी द्या थोडं," ते म्हणाले. "आणि आधीच सांगतो, मी बौद्ध आहे."

गृहस्थांचा चेहरा बदलला असं म्हणता येणार नाही. नुसता थांबला. घरात भांड्याचा आवाज होत होता तोही थांबला. मग त्यांनी आतून तांब्या आणला, पायरी उतरून खाली आले आणि वरून धार धरली. नेव्हीवाल्यांनी ओंजळ पुढं केली आणि प्याले. अगदी सहज, कोपरावरून एक थेंब न सांडता. लहानपणी शिकलेलं अंग विसरत नाही.

मी ओसरीवरून उठलो. खांद्यावरची घोंगडी घडी करून ठेवली. खाली उतरलो आणि नेव्हीवाल्यांच्या शेजारी जाऊन मीही ओंजळ पुढं केली.

"अहो, तुमी काऊन?" गृहस्थ म्हणाले. "तुमी वर या."

"इथंच द्या," मी म्हणालो.

त्यांना काय करावं कळेना. शेवटी त्यांनी माझ्याही ओंजळीत धार धरली. माझ्या हातून निम्मं पाणी अंगावर सांडलं. मी त्यांचं धोतर सोडून घडी करून पायरीवर ठेवलं, ओल्या चड्डीवरच गाडीत जाऊन बसलो. जाताना त्या गृहस्थांनी फळी टपावर चढवायला हात लावला, हेही सांगायला हवं. ते वाईट माणूस नव्हते.

 गाडी खड्ड्यांतून हेलकावत होती. मला मनात कुठंतरी वाटत होतं की आज मी काहीतरी केलं. आणि ते त्यांनी ओळखावं असंही वाटत होतं. पुलाजवळ आल्यावर ते म्हणाले, "ते कशाला केलंत, सर?"

"काय?"

"ओंजळ. तुम्ही वर बसून दूध प्यालात म्हणून माझी तहान वाढली नव्हती. तुम्ही खाली आलात म्हणून कमीही झाली नाही."

मी गुडघ्यावरचा चिखल खरवडत राहिलो.

"तुमच्या मामांच्या आखाड्यावर," ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही विहिरीजवळ 'हो' म्हणालात, ते मला ऐकू आलं होतं. गोठ्याच्या पलीकडं मी दोरी आणायला गेलो होतो. त्याचा राग नाही आला. तसं 'हो' मी लय जणांचं ऐकलंय. चांगल्या चांगल्या माणसांचं. पण सकाळी तुम्ही मला विचारलंत, झोप लागली का नीट. त्याचा आला. वाटलं, फळी घेऊन निघून जावं आणि पुन्हा तोंड बघू नये."

"मग का नाही गेलात?"

"वारा चांगला होता," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि दुसरं कोण येणार होतं माझ्याबरोबर?"

मला त्या वेळी माफी मागता आली नाही. शब्द होते, पण ते सगळे मामांच्या आवाजातले वाटत होते, सोयीचे आणि अदबशीर. परभणीपर्यंत मी एकच हिशोब करत राहिलो. त्यांच्या खोलीवर मी किती वेळा जेवलो होतो ते मोजता येणार नव्हतं. माझ्या घरी ते एकदाही जेवले नव्हते. फाटकापर्यंत यायचे, हाक मारायचे, मी चप्पल घालून बाहेर जायचो. घरात माझी आई होती. तिनं कधी कुणाला अडवलं नव्हतं, कारण मी कधी तिच्यासमोर कुणाला आणलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी आईला सांगितलं, नेव्हीवाले जेवायला येतील. ते कोण आहेत तेही सांगितलं. ती शेंगा सोलत होती. तिनं विचारलं, "तुज्या मामाला ठाव हाय?"

"मामांचा काय संबंध?"

तिनं उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. मग पिठलं, भाकरी, ठेचा केला, वर कुरड्या तळल्या. स्वतः वाढलं. भाकरी संपायच्या आत दुसरी ताटात पडत होती. नेव्हीवाले खाली मान घालून जेवले. निघताना "येतो, आई" म्हणाले. ती म्हणाली, "या."

ते गेल्यावर मी मोरीत पाहिलं. त्यांची ताट-वाटी बाकीच्या भांड्यांपासून वेगळी, कोपऱ्यात ठेवलेली होती. मी बसलो, राख घेतली आणि सगळी भांडी एकत्र घासली. त्यांचं ताट आमच्या ताटांच्या चळतीत मधोमध घातलं. आई दारात उभी होती. तिनं बघितलं, मीही तिच्याकडे बघितलं.  संध्याकाळी तिनं चळत पुढ्यात ओढली आणि ओळीनं ताटं काढत गेली. त्यांचं ताट आलं तेव्हा तिचा हात जरा थांबला. मग तिनं त्यातच स्वतःला वाढून घेतलं.

तिच्या मनात काय झालं ते मी विचारलं नाही. पण त्यानंतर रविवारी ती स्वतःच विचारायची, आज किती भाकरी टाकू? नेव्हीवाल्यांची आई गुडघेदुखीनं हैराण होती. तिला घेऊन या एकदा, असं माझी आईच म्हणाली. दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसून तेल चोळायच्या आणि आमच्या दोघांच्या नावानं खडे फोडायच्या.

मामांनी सहा महिने आमच्याकडे येणं बंद केलं. मग आईनंच निरोप धाडला, भाऊ असून दिवाळीला आला नाही म्हणून. ते आले. त्या दिवशी रविवार होता हे तिला ठाऊक असावं. नेव्हीवाले आणि मामा एकाच खोलीत जेवले, समोरासमोर. मामांनी पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. ताटावरून ते लवकर उठले, पण जेवून उठले.

मी परतायला शिकलो ते त्याच्या पुढच्या वर्षी. सलग पाच-सहा पावसाळे आम्ही धरणावर गेलो. शहरात नामांतराचे मोर्चे निघत होते, विरोधातलेही निघत होते. वर्गात दोन्ही बाजूंची पोरं वेगवेगळ्या बाकांवर बसायची. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर कुणी बोलत नसे. मी बोलायला लागलो. फार काही घडलं नाही, काही जण चहाला बोलवेनासे झाले इतकंच.

नेव्हीवाल्यांचे वडील गेले, मग आई गेली. त्यानंतर त्यांनी कोकणातल्या शाळेत बदली मागून घेतली. म्हणाले, आता इथं कुणासाठी राहू? फळी त्यांनी सोबत नेली. मीच न्या म्हणालो. एकट्यानं त्या पाण्यावर जायची माझी हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या जानेवारीत माझी आई वारली. दहाव्या दिवसानंतर मी एसटीडी बूथवरून त्यांच्या शाळेत फोन लावला. मला वाटलं ते नामविस्ताराबद्दल बोलतील. मी आईचं सांगितलं. 

"मला का नाही कळवलंत?" ते म्हणाले.

"एवढ्या लांबून कसे येणार होतात?"

"ते मी बघितलं असतं, सर."

तिसऱ्या दिवशी ते परभणी स्टेशनवर उतरले. केस पांढरे झाले होते, उजवा खांदा दुखत होता म्हणून पिशवी डाव्या हातात. घरी आले, आईच्या फोटोसमोर बसले. मधल्या वर्षांत माझं लग्न झालं होतं; माझ्या बायकोनं विचारलं, "भाऊजी, बिछाना कुठं घालू?" ते काही बोलायच्या आत तिनं आईच्या खोलीतली खाट झटकून वर स्वच्छ चादर घातली होती. ते पाच दिवस राहिले. रोज सकाळी लवकर उठून अंगण झाडायचे, बागेतल्या नळाची गळती त्यांनी दुरुस्त केली. जायच्या दिवशी मी स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसून शेंगा खाल्ल्या आणि टरफलं कागदात गोळा केली.